राष्ट्रीयत्वाचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरला राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख हे सगळं मुलागणिक विचारून, कागद बघून भरावं लागतं. राष्ट्रीयत्व कुणी विचारत नाही. पानाच्या पहिल्या ओळीत ‘भारतीय’ लिहायचं आणि खाली पान संपेपर्यंत दोन-दोन टिंबं मारत जायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी अशी किती टिंबं मारली असतील याची गणती नाही.

जून २०१५ मध्ये खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी माझ्या भाचीचा प्रवेश अर्ज भरला. मी नोकरीला सांगलीत, पण भाऊ म्हणाला, “आक्का, तूच भर, तुला ह्यातलं कळतंय.” जन्मस्थळापुढं मी ‘काठमांडू’ लिहिलं आणि राष्ट्रीयत्वापुढं ‘भारतीय’. पेन कुठंही अडखळलं नाही. बाप आमच्या गावचा, आडनाव आमचं, पोरगी आईच्या मांडीवर बसलेली. दुसरं काय लिहिणार?

हे दोन शब्द एका कागदावर एकमेकांच्या खाली आहेत आणि त्यांचा जोड लावून देणारा तिसरा कागद आपल्याकडं नाही, हे कळायला आम्हाला दहा वर्षं लागली.

आमच्या भागातली माणसं बाहेर का जातात हे इकडच्या लोकांना सांगायला नको. खानापूर, आटपाडी, शेजारचे खटाव-माण, सगळा पाण्यासाठी आभाळाकडं बघणारा मुलूख. टेंभू उपसा योजनेचं पाणी आत्ता आत्ता आलं. त्याआधीच्या पिढ्यांना गलाईनं जगवलं. सराफाच्या पेढीवरची धूळ, मोडीचे दागिने, तारांचे तुकडे घ्यायचे, मुशीत टाकणखार घालून आटवायचे, तेजाबात शुद्ध करायचे आणि सोनं सोन्याच्या जागी, चांदी चांदीच्या जागी करून द्यायची. विट्याकडचा गलाईवाला नाही असा सराफ बाजार देशात शोधून सापडायचा नाही. कोईमतूरला आमचे चुलते होते, कानपूरला मामा. भाऊ सोळाव्या वर्षी नात्यातल्या एकाबरोबर काठमांडूला गेला. न्यूरोडच्या मागं एका बोळात भट्टी होती, तिथं तो आधी भाता मारायला लागला आणि दहा वर्षांत स्वतःची मूस लावून बसला.

त्याच्या बोटांच्या कातडीचा रंग मला आजही ओळखता येतो. तेजाबानं पिवळी पडलेली, नखांच्या कडेला तपकिरी. गावी आला की आई त्याचे हात खोबरेल तेलानं चोळायची. ते डाग कधी गेले नाहीत.

तिथंच त्याचं लग्न झालं. भावजय काठमांडूचीच. आमच्या आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही. मग सून घरी आली, उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, रेणावीला रेवणसिद्धाच्या पाया पडून आली, आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी तव्यावर तुटली तसा आईचा रागही तुटला. भाषेची अडचण आम्हाला वाटली होती त्याच्या निम्मीही आली नाही. लिपी एकच. ती आम्हाला वाचून दाखवायची आणि आम्ही अर्थ लावायचो. मुलीला ती ‘छोरी’ म्हणायची, लाडानं ‘नानी’. त्यांच्यात लहान पोरीला नानी म्हणतात. आमच्याकडंही तेच नाव पडलं. मी तिला इथंही नानीच म्हणेन.

नानीचा जन्म २४ नोव्हेंबर २००६ चा. आईचा हट्ट होता की सुनेचं बाळंतपण विट्याला करू, दवाखाना चांगला आहे, मी आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी. हा रिवाज आपल्याकडं आहे, तसाच आग्रह भावजयीच्या घरचाही होता, माहेराला ते ‘माइती’ म्हणतात एवढाच फरक. विहीणबाईंनी निरोप धाडला की लेकीची पहिली खेप आमच्या दारात होऊ दे. यावर आई काय बोलणार? तिनंही तिच्या लेकींची पहिली बाळंतपणं आपल्याच दारात केली होती. तीन दिवसांपूर्वीच, २१ नोव्हेंबरला, तिथल्या सरकारचा आणि माओवाद्यांचा शांतता करार झाला होता. दहा वर्षांचं युद्ध संपलं होतं. भाऊ फोनवर म्हणाला होता, “आक्का, पोरगी चांगल्या दिवसांत आली.”

दुसऱ्या खेपेला, २०११ मध्ये, भावजय गावी आली. मुलगा विट्यात झाला. जन्माचा दाखला नगरपालिकेचा, जन्मस्थळ विटा.

या दोन बाळंतपणांमधला फरक कायद्यात काय होतो, तो आता मला तोंडपाठ आहे. नागरिकत्वाचा कायदा १९५५ चा. त्याचं तिसरं कलम भारतात जन्मलेल्यांचं, चौथं कलम भारताबाहेर जन्मलेल्यांचं. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-बाप दोघं भारतीय असतील, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसेल, तर ते मूल जन्मानंच भारतीय. वेगळी नोंद नको, अर्ज नको. आमचा भाचा त्यात बसला. पण त्याच तारखेनंतर बाहेर जन्मलेल्या मुलाचा बाप भारतीय असला, आई भारतीय असली, तरी तेवढ्यानं भागत नाही. जन्म झाल्यापासून एक वर्षाच्या आत भारताच्या वकिलातीत त्याची नोंद व्हावी लागते आणि मुलाकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-बापानं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटून गेलं तर केंद्र सरकारच्या परवानगीनं नोंद होते. आणि नोंद होईपर्यंत? कायद्याचे शब्द सरळ आहेत. नोंद नसेल तर या कलमाखाली ती व्यक्ती भारताची नागरिक नाही.

एका आईची दोन लेकरं. एकाच ताटात जेवतात, एकाच गोधडीखाली झोपतात. त्यातलं एक नागरिक आणि दुसरं अजून नाही, कारण पहिली खेप माहेरी झाली आणि दुसरी सासरी.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप झाला तेव्हा शनिवार होता. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, भट्टी बंद होती, म्हणून भाऊ वाचला असं तो म्हणतो. ज्या इमारतीत त्याचं दुकान होतं तिची मागची भिंत खाली आली. आठवडाभर ते चौघं मैदानात ताडपत्रीखाली होते. मे महिन्यात सगळं आवरून गावी आले ते कायमचे. नानी साडेआठ वर्षांची होती. तिसरीत बसवली. पहिले सहा महिने गाडी गेल्याचा आवाज झाला तरी ती दाराकडं पळायची. मराठी मात्र दिवाळीपर्यंत इतकी पक्की झाली की शिक्षकांना तिचा जन्म बाहेरचा हे सांगावं लागायचं. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत होते, त्या गर्दीत भावाच्या खांद्यावर बसून ती ओरडत होती. त्या दिवशी मला वाटलं, पोरगी रुजली.

मग दहा वर्षं कुणी काही विचारलं नाही. आधार कार्ड निघालं. ते निघणारच, कारण आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, आणि आधारच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. पण आपल्याकडं आधार हातात आलं की माणसाला वाटतं आपलं सगळं झालं. आम्हालाही वाटलं.

बारावीनंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, नानीला बी.एस्सी. नर्सिंगला जायचं होतं. भूकंपानंतर मैदानातल्या तंबूत एक नर्स रात्रभर कंदील घेऊन फिरत होती, ती तिच्या डोक्यात बसलेली. राज्याच्या कोट्यातून प्रवेशासाठी वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असा एकत्र दाखला लागतो. सगळे कागद जोडून अर्ज दिला. आठ दिवसांनी अर्ज परत. भाऊ खिडकीवर गेला आणि बाहेर येऊन मला फोन केला.

“आक्का, ह्यात जन्माचं साल २०६३ हाय म्हणत्यात. पोरगी अजून जन्मायचीय व्हय?”

काठमांडूच्या वडा कार्यालयाचा, म्हणजे वॉर्ड ऑफिसचा तो जन्मदाखला. ‘जन्मदर्ता प्रमाणपत्र’. देवनागरीत होता म्हणून आम्ही त्याचं भाषांतर कधी करून घेतलं नाही, आपल्याला वाचता येतंय की. जन्ममिती होती २०६३ मंसिर ८. नेपाळात सरकारी कारभार विक्रम संवताप्रमाणं चालतो. मी दुसऱ्या दिवशी रजा काढून गेले आणि खिडकीतल्या साहेबांना ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा वर करून त्यांनी खरा प्रश्न विचारला. “बाई, तारखेचं मिटेल. पण जन्म नेपाळचा, आई नेपाळची. वडील भारतीय आहेत हे मान्य. मुलगी भारतीय आहे हे कशावरून?”

मी शाळेच्या दाखल्यावर बोट ठेवलं. राष्ट्रीयत्व: भारतीय.

“हे कुणी लिहिलं?”

मीच लिहिलं होतं. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, ‘जन्माची नोंद भारतीय वकिलातीत केल्याचा पुरावा जोडावा’.

घरी येईपर्यंत माझ्या मनात त्या माणसाबद्दल राग होता. रात्री कायदा वाचला तेव्हा तो गेला. त्याचं चुकलं नव्हतं. आमच्या घरात कायदा माहीत नसण्याची त्याला शिक्षा कशी करणार? उलट दहा वर्षांत त्याच एका माणसानं कागद नीट वाचला होता.

मग मी भावाला विचारलं, त्या वेळी तुला कुणी सांगितलं नव्हतं का? तो बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, “इचारलं होतं एकाला. तो म्हणला, बाप भारतीय हाय न्हवं, मग पोरगी भारतीयच. कागद कशाला?” त्याला दोष तरी कसा देऊ? १० डिसेंबर १९९२ च्या आधी नियम जवळपास तसाच होता. बाप भारतीय असला की बाहेर जन्मलेलं मूल वंशानं भारतीय. फक्त बाप. आई भारतीय आणि बाप परदेशी असेल तर मूल भारतीय नाही. १९९२ मध्ये संसदेनं ती चूक दुरुस्त केली आणि आईलाही तोच हक्क दिला. पुढं २००४ पासून वर्षाच्या आत नोंदीची अट आली. भट्टीवरच्या माणसांपर्यंत मात्र जुना नियमच तोंडातोंडी पोहोचलेला होता.

माझी एक मैत्रीण साताऱ्याची. आम्ही डी.एड.ला एकत्र होतो. पुढं ती जर्मनीला गेली, नवरा जर्मन. तिची मुलगी २०१२ मध्ये तिकडंच झाली. त्यांनी ठरवून मुलीला जर्मन नागरिकत्व आणि भारताचं ओसीआय कार्ड घेतलं. मी तिला फोन केला तेव्हा तिनं अर्धा तास सगळं सांगितलं. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. कधीही या, कितीही राहा, शिका, नोकरी करा. मतदान करता येत नाही, सरकारी पदावर जाता येत नाही. मार्च २०२१ च्या नियमानं नीट, जेईईच्या प्रवेशात ओसीआयवाल्यांना अनिवासी भारतीयांच्या रांगेत उभं केलं. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आली तर ठेवता येते. “म्हणजे माझ्या बापाचं घेवड्याचं रान तिला मिळंल,” ती म्हणाली, “पण बांधाला लागून अर्धा एकर विकत घ्यायचा म्हणलं तर नाही.” स्वतः ती अजून भारतीयच आहे. जून २०२४ पासून जर्मनी म्हणतं, आमचं नागरिकत्व घ्या आणि तुमचंही ठेवा. पण भारत दोन ठेवू देत नाही. संविधानाच्या नवव्या कलमापासून ते ठरलंय की जो स्वखुशीनं दुसऱ्या देशाचा होईल तो इथला राहणार नाही. तिनं राहण्याचा परवाना घेतलाय आणि पासपोर्ट आपला ठेवलाय.

तिचं ऐकताना एक गोष्ट मला टोचत राहिली. तिच्या मुलीला दोन्हीकडचं काय आहे आणि काय नाही हे कागदावर स्वच्छ आहे. वकील होता, नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, वेळेत ठरवलं. नानीला ठरवायची संधीच आली नाही. परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं विमान येतं. आमची माणसं पुण्याहून गोरखपूरच्या गाडीनं परदेशी गेली, सोनौलीच्या कमानीखालून चालत. देश बदलला असं त्यांना वाटलंच नाही. भारत आणि नेपाळ यांच्यातला १९५० चा करार आहे, त्याच्या सातव्या कलमानं एकमेकांच्या नागरिकांना राहायची, धंद्याची, मालमत्तेची, फिरायची मोकळीक दिली. भाऊ त्याच मोकळीकीनं तिकडं पंचवीस वर्षं राहिला. भावजय त्याच मोकळीकीनं इकडं राहते. घरात परदेशी नागरिक असलेली ती एकटी, आणि तिला कुणी अडवत नाही, कारण तिच्याकडं तिच्या देशाचा कागद आहे.

नानीकडं तो कागदही नाही. मला आधी वाटलं होतं, निदान आईच्या देशाची तरी ती आहे. तसं नाही. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात बाप नेपाळी असला तर मूल ‘वंशज’ नागरिक होतं. आई नेपाळी आणि बाप परदेशी असेल तर मुलाला फार तर ‘अंगीकृत’ नागरिकत्व मिळू शकतं, तेही नेपाळात कायम राहत असेल आणि बापाच्या देशाचं घेतलं नसेल तर. तिथं सोळाव्या वर्षी नागरिकतेचं प्रमाणपत्र काढतात. सोळाव्या वर्षी नानी आमच्या गावात दहावीचा अभ्यास करत होती. नेपाळचा आजचा नागरिकता कायदा २६ नोव्हेंबर २००६ ला आला, ती तेव्हा दोन दिवसांची होती. तिकडं तिला बापाकडं बघून थांबवलं जातं, इकडं वेळेत न झालेल्या नोंदीकडं बघून. आईच्या कुशीतून आलेल्या पोरीला आईच्या देशात दुय्यम नागरिकत्व का, हा प्रश्न तिथल्या बायका किती वर्षं रस्त्यावर येऊन विचारतायत. माझ्या भावजयीनं तो मला एकदा भाकरी थापता थापता विचारला. “आक्का, मी तिला नऊ महिने पोटात ठेवलं. तेवढं राहणं ते धरत नाहीत का?” मला उत्तर देता आलं नाही.

१० ऑगस्ट १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं होतं की एक कलम सोडलं तर दुसऱ्या कुठल्याही कलमानं मसुदा समितीला नागरिकत्वाच्या कलमाइतकी डोकेदुखी दिली नाही. समोर फाळणी होती, लाखो माणसं इकडून तिकडं जात होती. हे वाचून मला धीर आला. इतक्या मोठ्या माणसांना जे अवघड गेलं ते आम्हाला एका उन्हाळ्यात कसं सुटणार? पण एक गोष्ट मी ठामपणानं म्हणते. एक वर्षाची मुदत मोठ्या माणसांसाठी असते, ती त्यांनी चुकवली. लेकरू त्या वर्षात रांगत होतं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सातवं कलम आहे, प्रत्येक मुलाला जन्मनोंदीचा, नावाचा आणि राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे असं म्हणणारं. भारत त्यात ११ डिसेंबर १९९२ ला सामील झाला, आईला हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या दोन दिवसांत आपल्या देशानं मुलांच्या बाजूनं दोन पावलं टाकली होती. उशिरा नोंदीची परवानगी ही मेहेरबानी म्हणून न मागता, बापाचं भारतीय असणं सिद्ध झालं की मिळायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि दूरच्या गावांत, गलाईवाल्यांच्या, गवंड्यांच्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्यांच्या घरांत हे कुणीतरी जाऊन सांगायला हवं.

त्या दिवसापासून मी सांगते. ऑगस्टमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी पेढे वाटले. लेकीला परदेशात मुलगी झाली, जावई तिकडचा. मी पेढा हातात धरूनच विचारलं, नोंद कुठं केली? त्या म्हणाल्या, दवाखान्यातच झाली की. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. भारतीय ठेवायची असेल तर वर्षाच्या आत, दुसरा पासपोर्ट काढायच्या आधी. तिकडची करायची असेल तर ओसीआय. काहीही करा, पण ठरवून करा. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

नानीनं त्या वर्षी नर्सिंगचा नाद सोडला. विट्यातच साध्या बी.एस्सी.ला नाव घातलं. रडली नाही. एक दिवस मात्र मैत्रिणींबरोबर मतदार नोंदणीच्या शिबिरात गेली आणि नमुना ६ चा कोरा फॉर्म घेऊन परत आली. त्यात खाली स्वतःचं घोषणापत्र असतं, मी भारताची नागरिक आहे असं. मैत्रिणींनी पटापट सह्या केल्या. तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“आत्ती, खोटं लिहायचं नाही ना?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. दहा वर्षांपूर्वी तिच्या वतीनं तोच शब्द मी किती सहज लिहिला होता, ते माझ्या डोळ्यांपुढं आलं.

काठमांडूला जायचं ठरत होतं तेवढ्यात सप्टेंबर २०२५ मध्ये तिकडं आंदोलन पेटलं, सरकार पडलं. दिवाळीच्या सुट्टीत अखेर निघालो. भाऊ, भावजय, नानी आणि मी. पुण्याहून गोरखपूर, गोरखपूरहून सोनौली, पुढं रात्रीची बस. बसमध्ये नानी खिडकीशी बसली होती. पहाटे डोंगरातल्या एका वळणावर गाडी चहाला थांबली. चहावाल्या बाईनं तिला नेपाळीत काही विचारलं, नानीनं नेपाळीतच उत्तर दिलं आणि स्वतःच दचकली. दहा वर्षांत ती भाषा ती फक्त आईशी, तेही भांडतानाच बोलत असे.

वकिलातीत कागद तपासले. बापाचा पासपोर्ट, लग्नाची नोंद, आईची नागरिकता, शाळेचे दाखले, उशीर का झाला याचं सविस्तर निवेदन. ते निवेदन मी लिहिलं होतं, तीन वेळा फाडून. जन्मदाखल्याची इंग्रजी तारखेसह नवी साक्षांकित प्रत आणा, असं तिथं सांगितलं. म्हणून आम्ही वडा कार्यालयात गेलो.

जुनं दप्तर भूकंपातून वाचलं होतं. एका पोरगेल्या कारकुनानं आतून कापडी पुठ्ठ्याची मोठी वही आणली, दर्ता किताब. २०६३ सालची. धूळ झटकून त्यानं पानं उलटली. मंसिर महिना आला आणि त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. बाळाचं नाव. आमाचं नाव. बाबाचं नाव. त्यापुढं एक रकाना होता, ‘स्थायी ठेगाना’. आपल्याकडं ठावठिकाणा म्हणतो ना, तोच ठेगाना. कायमचा पत्ता.

ती ओळ कारकुनाच्या अक्षरात नव्हती. त्या दिवशी तिथल्या माणसाला गावाचं नाव लिहिता येईना, म्हणून त्यानं वही भावाकडं सरकवली होती. भावाचं ते सातवीपर्यंतचं, उजवीकडं कललेलं अक्षर. गावाचं नाव, मग ‘ता. खानापूर, जि. सांगली, महाराष्ट्र, भारत’. शब्द रकान्यात मावले नव्हते, ‘भारत’ पुढच्या रकान्यात गेला होता. कडेला अंगठ्याचा एक पुसट पिवळा डाग.

भाऊ वहीवर वाकून बघत राहिला. “मी लिवलं होतं, आक्का,” तो म्हणाला. “बघ, मी लिवलं होतं.”

नानीनं मोबाइल काढला, पण फोटो काढायला परवानगी नव्हती. तिनं तो परत ठेवला आणि ओळ दोनदा वाचली, ओठ हलवत. कारकुनानं प्रत काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जोडून आम्ही अर्ज दिला.